वासावरचं मीठ

३ फेब्रुवारी, सोमवार

आज शेवटी गॅसपाशी उभी राहिले. मेल्या तापाने आडवं पाडलं ते पाडलंच. तेवढे दिवस ह्यांनी आणि सुगंधाने मिळून खानावळ ओढली, म्हणजे डाळ-भात आणि तळलेला बांगडा, बस्स. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतली माणसं दुपारी भुकेली येतात, समोर येईल ते गिळतात. पण ‘काकू कधी येणार’ असं रोज विचारायची म्हणे. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

ही डायरी वाण्याने दिलेली. पडल्या पडल्या मोबाईल बघून डोळे फुटले असते म्हणून लिहायला घेतली, आता सवय लागली.

सोमवार, म्हणजे मासे नाहीत. काळ्या वाटाण्याची उसळ आणि घावने केले. मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडलं तर वासच नाही! ह्यांना विचारलं, “कुठल्या डंक्यावरून कांडून आणलात हा?” म्हणाले, “नेहमीच्याच गो.” नेहमीचा असता तर उघडल्याबरोबर शिंक आली असती. मी आजारी पडले हे बघून लोकांनी हात धुऊन घेतले.

माझं सगळं वासावर. सासूबाईंनी तसंच शिकवलं, रत्नप्रभा खानावळ हे त्यांचंच नाव. पहिलं पान देवाला आणि आपल्या गेलेल्या माणसांना, त्याला आमच्यात वाडी म्हणतात. वाडी दाखवल्याशिवाय स्वयंपाक कुणी जिभेला लावायचा नाही. ज्याने रांधलं त्याने तर नाहीच नाही. मग मीठ कसं कळणार? रश्शाला उकळी आली की वाफेवर नाक धरायचं. वाफ सांगते. लोक हसतात, पण माझं मीठ आजवर चुकलेलं नाही.

आज वाफ जरा उशिरा बोलली. दोनदा मीठ घालावं लागलं. मीठपण हल्ली पाणचट येतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

अगो बाई, काय दिवस आहे! प्रांजल म्हणून एका मुलीचा फोन. ती मोबाईलवर खाण्याचं चॅनल चालवते. अंधेरीकर स्वतः कुठे जेवतात, कुठल्या जागा त्यांच्या जिवाच्या, अशी यादी करते आहे. लोकांकडून नावं मागवली तर आमचं नाव पुन्हा पुन्हा आलं म्हणे. एकवीस तारखेला शुक्रवारी कॅमेरा घेऊन येणार.

ह्यांना सांगितलं. मी म्हटलं, “अहो, पेढे आणा!” तर म्हणतात, “एवढी घाई कशाक? पुढच्या महिन्यात बोलाव ना तिका.” पुढच्या महिन्यात! समोर ते नवीन चकचकीत ‘कोकण किचन’ उघडलंय, ते थांबलंय होय माझ्यासाठी?

खारदांड्याची मावशी मासे घेऊन आली. बोंबील हातात घेतला, वास घेतला, काहीच नाही. तिला म्हटलं, “मावशी, बर्फातला माल आणलास ना?” ती चिडली. म्हणाली, “आज सकालचा हाय, डोले बग त्याचे.” डोळे बघून स्वयंपाक होतो का? दोघींचं चांगलंच वाजलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज सगळी टेबलं दोनदा भरली. बांगड्याचं तिखलं केलं होतं, म्हणजे तिरफळाच्या उग्र वासाचा दाट रस्सा. लोक भात मागून मागून घेत होते. सोलकढीचं पातेलं एकच्या आत रिकामं. पाण्याचे जग भरून सुगंधा दमली. उन्हाळा ह्या वर्षी लवकर आलाय. सुगंधाला म्हटलं, “बघ, मी परत आल्यावर भूक कशी लागते लोकांना!” ती काहीतरी बोलणार होती, मग भांडी घासायला गेली. ती वाकोल्याहून येते, चिरण्यापासून वाढण्यापर्यंत सगळं तिच्या हातात, पण तोंड नेहमी एरंडेल प्यायल्यासारखं.

एक मात्र खटकलं. वाडी दाखवून परत आले तर हे कढईपाशी. हातात गरम पाण्याचं तांब्याभांडं. “काय करताय हो?”

“काय नाय गो. भांडा उचलत होतंय.”

हे आयुष्यात कधी भांडं उचलत नाहीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सिलिंडर संपला! आत्ता तर लावला होता. विकी नवीन घेऊन आला, त्याला धरलाच. “काय रे, कमी भरून देता काय?” तो म्हणतो, “काकू, वजन करून बघा ना. पण तुमची नळी जुनी झालीय, ती बदला आधी.” म्हटलं, “नळ्या विकायचे धंदे माझ्याकडे नकोत.” गेला पुटपुटत.

सकाळी डोकं जड होतं. मी सहाला येऊन सिलिंडर उघडते, वाटप-बिटप करून घेते. हे तेव्हा बाजारात असतात, सुगंधा नऊला उगवते. आज आल्या आल्या म्हणाली, “काकू, गॅससारखा वास येतोय हो.”

“गटाराचा असेल.”

“नाही हो, गॅसचाच.”

असं डोकं फिरलं माझं! म्हटलं, “सुगंधे, ह्या स्वयंपाकघरात नाक कुणाचं चालतं? गॅस असता तर मला कळला नसता?”  खिडक्या मात्र सगळ्या उघडल्यान्, पंखा लावलान्. धूळ आत येते त्याचं काही नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

संघमित्रा आली होती. ती वसाहतीत औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तिचे आईवडील परभणीकडचे, ही जन्मली-वाढली घाटकोपरला. शिकाऊ म्हणून लागली तेव्हापासून माझ्याकडे जेवते. चौदा एप्रिलला पेढे आणल्याशिवाय राहायची नाही. जिभेला हाड नाही तिच्या, म्हणूनच मला आवडते.

आज ताटात निम्मं टाकलंन्. मी म्हटलं, “काय गं, बरं नाही?”

“मला बरंय. काकू, तुम्ही परत दाखवलंत का डॉक्टरांना? तोंडाला चव आली?”

“छे! माती लागतं सगळं. मी पेज आणि लोणच्यावर आहे. ताप गेला की येते हळूहळू.”

“आणि वास?”

“वासाला काय धाड भरलीय? मालातच वास राहिलेला नाही.”

तिने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली. नंतर बघते तर दोघं बाहेर पानवाल्यापाशी, हळू आवाजात पण हातवारे करून भांडताहेत. मी दारात आले तशी दोघांची तोंडं शिवली. संघमित्रा “येते काकू” म्हणून निघून गेली. ह्यांना विचारलं तर, “तिच्या ऑफिसातला काय ता.” तिच्या ऑफिसातलं ह्यांच्याशी कशाला बोलेल ती?

१७ फेब्रुवारी, सोमवार

संघमित्रा त्यानंतर फिरकलेली नाही. समोर कोकण किचनमध्ये जात असणार. जाऊ दे. कोण कुणाचं असतं?

आज त्याहून वाईट ऐकलं. हे मागच्या बोळात फोनवर होते. “श्वेता, तू तयार रव. तिका एवढ्यात काय कळू देऊ नको. एकवीसचा होऊन जाऊ दे, मग बघू.”

श्वेता म्हणजे ह्यांची पुतणी, बोरिवलीला डबे करते. हात चांगला आहे तिचा, मीच शिकवलंय.

म्हणजे असं आहे तर. एकवीसला कॅमेऱ्यापुढे म्हातारी उभी करायची, नाव कमवायचं आणि मग पुतणी आणायची. मी काय केलं हो ह्यांचं? तापात पडले हा गुन्हा झाला? ह्या गॅसपाशी उभी राहिले म्हणून मी कोणीतरी आहे. घरी बसून मी काय करू, मालिका बघू?

विचारणार नाही. एकवीसला असं जेवण करते की श्वेताचं नाव काढायची हिंमत होणार नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

प्रांजलचा फोन. “काकू, शूटिंगच्या वेळी खिडक्या आणि तो मोठा पंखा बंद ठेवाल ना? रस्त्याचा आणि पंख्याचा फार आवाज येतो.” बरं म्हटलं. सुगंधा म्हणाली, “पंखा नको हो बंद करू.” तिला म्हटलं, “तू शुक्रवारी सरळ अकराला ये. तुझी किरकिर नको सकाळी.”

ह्यांच्याशी बोलणं कामापुरतं. ताट सरकवते. गपगुमान जेवतात, दही घेऊन. पूर्वी दही चालायचं नाही माशांवर.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उद्या काही चुकलं तर? मग स्वतःलाच विचारते, माझं कधी चुकलंय?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जमेल तसं लिहिते.

पहाटेच खानावळीत गेले. हे पापलेट आणायला बाजारात. म्हटलं, आधीच सगळं त्या पोरीच्या सांगण्याप्रमाणे करून ठेवावं. खिडक्या लावल्या, पंखा बंद. सिलिंडर उघडला, कांदा-खोबरं चिरत बसले. बराच वेळ चिरत होते, कारण आज मला एक तुकडा जाड नको होता. डोकं गरगरायला लागलं. म्हटलं, उपाशी आहे म्हणून. उठले, काडीपेटी घेतली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. संघमित्रा. दारातच थांबली आणि किंचाळली, “काकू, काडी ओढू नका!”

मी म्हटलं, “काय गं हे? दचकले ना मी!”

“काडी खाली ठेवा! बटणाला हात लावू नका, कुठल्याच!” ओढणी नाकाला लावून आत आली, सिलिंडर बंद केलान्, मला दंडाला धरून खेचत बाहेर रस्त्यावर. मग परत आत जाऊन खिडक्या उघडल्यान्. तेवढ्यात पानवाला बाहेर आला. तो त्याच्या टपरीपाशी उभा, म्हणाला, “काय गॅस सुटलाय हो!”

त्याच्या टपरीपाशी! आणि मी आत बसले होते.

मी म्हटलं, “काहीतरीच. गॅस सुटला असता तर मला...”

संघमित्राने आतून तिरफळाची बरणी आणली. मूठभर तिरफळं दगडाने चेचली, ओंजळ माझ्या नाकाशी धरली. तिचेच डोळे पाण्याने भरले. “काकू, घ्या वास.”

घेतला. पुन्हा घेतला. छाती भरून घेतला. काहीच नाही. हवा. नुसती हवा.

रस्त्यावरच बसले मी. रडले नाही, रडूच येईना. मसाला, बोंबील, मीठ, सगळं एकदम समजलं. डंकेवाला चोर नव्हता, मावशी खोटी नव्हती.

“किती खारट होतं?” मी विचारलं.

“खूप काकू. मी काकांना म्हटलं, सांगा त्यांना, नाहीतर मी सांगते. ते म्हणाले, शूटिंग होऊ दे, त्यांच्यासाठी फार मोठं आहे ते. मला त्या माणसांत बसून जेवायला लाज वाटायला लागली, म्हणून येत नव्हते. रात्रभर विचार केला, कॅमेऱ्यासमोर तुमचं हसं होण्याआधी सांगायचंच. म्हणून आले.”

हे पापलेट घेऊन आले. रस्त्यावर माणसं, मी खाली बसलेली. पिशवी हातातून पडली त्यांच्या. पानवाल्याने सांगितलं तसे पांढरेफटक झाले. मी म्हटलं, “तुम्हाला ठाऊक होतं?”

“माका वाटला, मीठच चुकता. ह्या गॅसचा माझ्या डोक्यात नाय आला गो. आधीच तापान खंगलंस. त्यात ह्या सांगितला असता तर...” ते रडले. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी ह्यांना रडताना पाहिलेलं नाही. तरी मला दया आली नाही. आत्ताही नीटशी येत नाहीये.

दुपारी प्रांजल आली, बरोबर कॅमेरावाला. त्याच वेळी नेहमीची मंडळी जेवायला आली. चूल बंद. अनिरुद्ध, तो कुरिअरच्या ऑफिसातला, सगळ्यांत पुढे. त्याला विचारलं, “खरं सांग, कसं होतं माझं जेवण?”

“छान असतं काकू.”

“आईची शप्पथ घे.”

बुटांकडे बघायला लागला. “काका म्हणाले होते, काकू आजारातून उठल्यात, बोलू नका कुणी. आम्ही वरून भात घ्यायचो, पाणी प्यायचो. चालून जायचं.”

“आणि माझं नाव त्या यादीत कुणी दिलं?”

सगळ्यांनीच दिलं होतं. खारट खाऊन दिलं होतं.

तेव्हा मात्र फुटले मी. भर रस्त्यात ओरडले, “अरे माझं चुकलं तर ताट पुढे सरकवून सांगायचं! खारट म्हणाला असतात तर मी चार दिवस रडले असते, रुसले असते. पण माझ्या नाकाचं तरी कळलं असतं ना मला? आज तुमच्या मायेपायी जळून मेले असते मी, ही बया आली नसती तर!”

प्रांजल पुढे आली, डोळे मोठे करून. “काकू, हे किती टचिंग आहे. आपण हेच शूट करूया?”

“बंद कर तो कॅमेरा,” म्हटलं. “आणि यादीतून माझं नाव काढ.”

२४ फेब्रुवारी, सोमवार

कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेलो. बाटल्या हुंगायला दिल्यान्, एकीचाही वास आला नाही. म्हणाला, तापामुळे होतं असं कधी कधी. सहा महिन्यांत येईल, कदाचित वर्षाने. “आणि नाही आला तर?” त्याने पेन खाली ठेवलं. तेवढ्यावर कळलं मला.

विकीने नळी बदलली. जुनी वाकवून दाखवलान्, भेगाच भेगा. भिंतीवर गॅस कळायचं यंत्र बसवलं. विकीची माफी मागितली. दांड्याच्या मावशीला फोन केला तर म्हणते, “ऱ्हाऊ दे गो, तुज्या शिव्या मी मोजीत नाय.”

श्वेता बोरिवलीहून येऊन रांधते आहे. सगळे पोटभर जेवतात. मी गल्ल्यावर बसते. तिच्या हातच्या उसळीची वाफ माझ्या तोंडावरून जाते आणि मला कळत नाही ती कसली आहे. जीव नकोसा होतो अशा वेळी.

१ मार्च, शनिवार

प्रांजलची यादी आली. कोकण किचन आहे तिच्यात. आमचं नाव नाही, मीच नको म्हटलं होतं, तरी तीनदा वाचली. जळफळाट झाला. होऊ दे, खरं ते लिहिलं.

रात्री ह्यांना म्हटलं, “मंगळवारपासून मी उभी राहणार. मीठ दुसऱ्याने बघायचं.” हे दचकले. “वाडीआधी? माझ्याच्यान नाय होणार, आईचा शब्द आसा तो.” श्वेताला विचारलं, तीही म्हणाली, “नको हं काकी, आजी स्वप्नात येईल माझ्या.” सुगंधाने तर कानाला हात लावले. एवढं खारट खाल्लं सगळ्यांनी, पण वाडीआधी एक थेंब जिभेवर घेणार नाहीत.

मग संघमित्राला फोन लावला.

४ मार्च, मंगळवार

संघमित्राची आज लॅबमध्ये दुपारची शिफ्ट. दहाला आली. आजवर बाहेरच्या कुणाला मी वाडीआधी चुलीपाशी बोलावलेलं नाही. ती उंबऱ्यापाशीच चपला काढून उभी.

“आत ये.”

“काकू, मला ते देव, पूर्वज वगैरे काही नाही, मी चाखेन. पण तुम्हाला चालेल ना? नक्की? नंतर मनात नको राहायला.”

“राहिलं तर माझ्या मनात राहील. तुला कशाला त्याची चिंता?”

हे दारात उभे होते. तिथून हलले नाहीत. सासूबाईंचा फोटो समोरच्या भिंतीवर. मी त्यांना मनात म्हटलं, रागवायचं तर माझ्यावर रागवा, हिच्यावर नको.

बांगड्याचं तिखलं उकळत होतं. सवयीने वाफेवर वाकले. मग मागे सरले. पळीभर वाटीत काढून तिला दिलं. तिने फुंकर मारली, चाखलंन्, डोळे मिटले.

“काकू, नाही जमलं.”

“म्हणजे काय? नीट सांग.”

“अळणी आहे. घाबरून मीठच घातलं नाहीत तुम्ही. आणि तिरफळं फार झाली, जीभ बधिर झाली माझी.”

असा राग आला! कालची पोर, आणि माझ्या तिखल्याला नावं ठेवते! उलथनं फेकून घरी जावंसं वाटलं. ती वाटी धरून तशीच उभी, नजर वळवली नाहीन्, सावरून घेतलं नाहीन्.

मी तिरफळं वेचून काढली. मीठ घातलं. पुन्हा पळीभर दिलं.

“अजून थोडं.”

अजून थोडं घातलं.

“हां काकू. आता झालं.”

मी वाडीचं पान वाढायला घेतलं आणि ह्यांना म्हटलं, “बघत काय उभे राहिलात, टेबलं पुसा.”